स्वस्त वॉकीटॉकी: पोहोचतो कुठवर आणि कायद्यात बसतो का?

पूर आला की आधी वीज जाते आणि काही तासांनी मोबाइल. टॉवरचा वीजपुरवठा तुटला की तो बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. रस्ता पाण्याखाली गेल्याने डिझेल पोहोचले नाही की टॉवरही थंड पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. वारणानगर, कोडोली आणि वारणा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांना पुराच्या रात्री काय लागते हे वेगळे सांगायला नको. नदीवरची मोटार वर काढायला गेलेला माणूस कुठे आहे, मळ्यातल्या वस्तीवर पाणी आले का, जनावरे सोडली का, एवढे कळले तरी पुरे असते. पण तेवढेही कळत नाही.

अशा वेळी टॉवर लागत नाही, सिम लागत नाही, बटण दाबून थेट बोलता येते असे यंत्र घरात असावे, हे कुणालाही पटेल. अडचण दुसरीकडेच आहे. ऑनलाइन बाजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांब पल्ल्याचा म्हणून जो वॉकीटॉकी विकला जात होता, तोच परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२६ मध्ये ८ ऑनलाइन विक्री मंचांना मिळून ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी.

कारवाई नेमकी कशावर?

मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने १३ मंचांना नोटिसा दिल्या होत्या. वॉकीटॉकी विकताना तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, त्याला सरकारी मान्यता आहे का, यातले काहीच ग्राहकाला सांगितले जात नव्हते. त्याच महिन्यात यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि मान्यतेचा तपशील वस्तूच्या पानावर दिसलाच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पुढे अंतिम आदेशांत मेटा, अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो यांना प्रत्येकी १० लाखांचा, तर इतर चौघांना प्रत्येकी १ लाखाचा दंड झाला.

दंड विकणाऱ्याला झाला म्हणून घेणारा मोकळा सुटला, असे मात्र नाही. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यात परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसते बाळगणे हाच गुन्हा ठरवला आहे. आपल्याकडची रचना अशी आहे की, मुळात सगळ्याला मनाई आणि सरकार ज्याला सूट देईल तेवढेच मोकळे. घरातले वायफाय आणि ब्लूटूथ बिनपरवाना चालतात, ते अशा सवलतींमुळेच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हे तत्त्व बदललेले नाही. त्यामुळे बॅटरी काढून कपाटात ठेवलेला संचही नियमातून सुटत नाही.

मग बिनपरवाना चालणारा वॉकीटॉकी कोणता?

यासाठी एकच आकडा लक्षात ठेवावा: ४४६. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा वैयक्तिक वापराच्या रेडिओसाठी परवानामुक्त केला. युरोपात हाच पट्टा 'पीएमआर ४४६' या नावाने बरीच वर्षे वापरात आहे. डोंगर चढणारे, बांधकामावरचे मुकादम, शाळांच्या सहली, सगळे त्यावर बोलतात. या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झचे १६ चॅनल बसतात. यंत्रे साधारण अर्ध्या वॅटची असतात.

परवाना नको याचा अर्थ कोणताही संच चालेल असा नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची 'ईटीए', म्हणजे यंत्रप्रकाराची मान्यता असावी लागते. ती उत्पादकाने किंवा आयातदाराने घ्यायची असते, ग्राहकाने नाही. ग्राहकाने फक्त तिचा क्रमांक मागायचा. तो खोक्यावर नाही, वस्तूच्या पानावर नाही आणि दुकानदार 'सगळे हेच नेतात' असे म्हणतोय, तर तिथून निघालेले बरे.

२७ मेगाहर्ट्झजवळचा 'सिटिझन बँड' हाही ५ वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. पण त्याला लांब अँटेना लागतो आणि त्याचे खिशात मावणारे संच फारसे सोयीचे नसतात. नवख्याने त्या वाटेला न जाणेच बरे.

'१० किलोमीटर रेंज' खरी किती?

खरेदीत बहुतेक फसगत होते ती इथे. खोक्यावरचा आकडा खोटा असतोच असे नाही, पण तो एका आदर्श जागेचा असतो, म्हणजे मध्ये काहीही आडवे नाही अशा सपाट मोकळ्या जागेचा. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने ती नजरही पुढे संपते. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे, त्याला ४.१ ने गुणायचे. दोन्ही टोकांची बेरीज केली की जास्तीत जास्त अंतर किलोमीटरमध्ये मिळते.

माणूस उभा आहे आणि संच तोंडाशी, म्हणजे दीड मीटरवर आहे. दोन्हीकडे अशीच माणसे असतील तर उत्तर सुमारे १० किलोमीटर येते. एकजण दुमजली घराच्या स्लॅबवर, म्हणजे जमिनीपासून ८ मीटरवर गेला, तर तेच अंतर साडेसोळा किलोमीटर होते. संच तोच, बॅटरी तीच, फक्त जिना चढला. अडीचशे मीटर उंच डोंगराच्या कड्यावरून खाली बोलायचे असेल तर हिशेब ७० किलोमीटरच्या आसपास जातो. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगरावरून खाली स्पष्ट दिसणाऱ्या गावापर्यंत अर्धा वॅटही पोहोचू शकतो, आणि त्याच डोंगराच्या मागच्या वाडीत, हाकेच्या अंतरावर, पोहोचत नाही. त्याचे कारण हेच.

हे झाले कागदावरचे. वारणाकाठी ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पानापानावर पाणी असते. ओला पाला या लहरी शोषून घेतो. सिमेंटच्या भिंती, पत्र्याचे शेड, नदीचा खोलगट काठ हे सगळे आणखी खाते. अर्ध्या वॅटच्या संचावर गावात घरांमधून अर्धा ते एक किलोमीटर आणि उघड्या रानात दोन-तीन किलोमीटर धरून चालावे. जास्त मिळाले तर ते जागेचे दान.

मग जास्त वॅटचा घेतला तर? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ५ वॅटचा संच अर्ध्या वॅटच्या दहापट ताकदीचा असतो, पण दहापट लांब जात नाही. मध्ये काहीच आडवे नसेल तर अंतर फार तर सव्वातीन पट होते. जमिनीलगत, झाडा-घरांमधून बोलताना वाढ दुपटीलाही पोहोचत नाही. आणि मध्ये डोंगराची सोंड असेल तर दहापट ताकद तिच्यावर आपटूनच संपते. म्हणजे ज्या फायद्यासाठी लोक कायदा मोडायचा धोका पत्करतात, तो फायदा जिना चढूनही मिळू शकतो.

दोन हजारांतल्या चिनी संचाचे काय?

बाओफेंग यूव्ही-५आर हा २०१२ च्या सुमारास बाजारात आला आणि जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांचा पहिला संच बनला. आपल्याकडेही ऑनलाइन दीड-दोन हजारांच्या घरात तो सर्रास दिसायचा. यंत्र म्हणून तो वाईट नाही. त्या किमतीत एवढे देणारे दुसरे काही शोधून सापडणार नाही. पण तो नवख्यासाठी बनवलेला नाही.

त्याचा आवाका पाहिला तर अडचण कळते. तो व्हीएचएफमध्ये १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर बोलू शकतो, म्हणजे ३८ मेगाहर्ट्झचा पट्टा. त्यातले १४४ ते १४६ हे दोनच मेगाहर्ट्झ भारतात हौशी वापरासाठी आहेत, तेही परवानाधारकांना. यूएचएफमध्ये निदान ४०० ते ४८०, त्यातले हौशींसाठी ४३४ ते ४३८. उरलेल्या जागेत पोलीस, रेल्वे, आपत्ती यंत्रणा, खासगी परवानाधारक असे कोणी ना कोणी बसलेले आहे. कळपाटीवर चुकीचा आकडा दाबून बोलायला सुरुवात केली की तुमचा आवाज त्यांच्या कानात जातो. पुराच्या दिवशी बचाव पथकाच्या चॅनलवर 'हॅलो, ऐकू येतंय का' असे कुणी दहा मिनिटे म्हणत राहिले तर काय होईल, याचा विचार घेणाऱ्याने करावा.

त्याच घराण्यातला ८८८एस हा आणखी फसवा. त्याला पडदाच नाही, फक्त १६ चॅनलची फिरकी आहे. दिसायला अगदी साधा, म्हणून लोक तो मुलांनाही देतात. पण आत ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमधले काय भरले आहे, ते घेणाऱ्याला दिसत नाही. त्यात ४४६ भरून घेतले तरी तो परवानामुक्त होत नाही, कारण ताकद आणि मान्यता यांचा प्रश्न तसाच राहतो.

'सिमवाला' वॉकीटॉकी हा तिसरा प्रकार हल्ली दिसतो. '५००० किलोमीटर रेंज' अशी त्याची जाहिरात असते आणि ती एका अर्थाने खरीही असते, कारण तो मोबाइल नेटवर्कवरून बोलतो. वाहतूकदाराला, सुरक्षा एजन्सीला तो सोयीचा आहे. पुरासाठी निरुपयोगी. टॉवर गेला की तोही गेला.

घेताना काय पाहायचे?

फ्रिक्वेन्सी आणि ईटीए क्रमांक पाहून झाले की बाकीचे सोपे आहे. मान्यता असलेली जोडी त्या चिनी संचांपेक्षा महाग पडते. पण वैशिष्ट्यांची लांबलचक यादी पाहून आणखी पैसे घालवायची गरज नाही. '३८ प्रायव्हसी कोड' हे त्यातले सर्वांत दिशाभूल करणारे वैशिष्ट्य. नाव गुप्ततेचे असले तरी गुप्तता काडीची नाही. त्या कोडमुळे इतरांचे बोलणे तुम्हाला ऐकू येत नाही एवढेच, तुमचे मात्र त्या चॅनलवरच्या सगळ्यांना ऐकू जाते. पैशाचे, दागिन्यांचे, घर रिकामे असल्याचे त्यावर बोलू नये.

पैसे घालायचे तर पाण्यापासून संरक्षणात घालावेत. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसतो. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकतो. कोल्हापूरच्या पावसात हा फरक कागदी नाही. स्वस्त संच घेतला असेल तर निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, अँटेना वर धरून वापरावा. पिशवीतून लहरींना काही अडथळा होत नाही.

बॅटरीचेही तसेच. घरी एरवी वापरायला चार्जिंगचा संच बरा. पण वीज तीन दिवस नसेल तर साधे पेन्सिल सेल बसणारा संच जास्त कामाचा, सेल किराणा दुकानातही मिळतात. दोन्ही चालणारा मिळाला तर उत्तम. दिवसभर चालू ठेवण्याऐवजी दर तासाला पहिली पाच मिनिटे चालू करायचे असे घरच्यांत ठरवले, तर एका भरणीवर कित्येक दिवस निघतात.

आणि मुलांच्या खेळण्यातले पाचशे-सातशे रुपयांचे वॉकीटॉकी खेळण्यापुरतेच. त्यांचा पल्ला अंगणाएवढा असतो.

वारणेचा जुना धडा

संपर्काच्या नव्या साधनांचा प्रयोग वारणानगरला नवा नाही. १९९८ मध्ये देशभर गाजलेला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प इथलाच. वारणा खोऱ्यातील ७० गावे संगणकांनी जोडायची, शेतकऱ्याला गावातच बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत सारे मिळायचे, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात ऊसवाल्या सभासदाला त्या संगणकाकडून मुख्यतः उसाचे वजन, खत, बिल अशी साखर कारखान्याशी संबंधित माहिती हवी होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. काम भागले, आणि खर्चही कमी आला. दहा गोष्टी करणारे यंत्र आधी आणले गेले आणि लोकांना त्यातल्या एक-दोनच हव्या होत्या.

वॉकीटॉकीतही प्रश्न तिथूनच सुरू करावा लागतो. घरापासून नदीवरच्या मोटारीपर्यंत किती अंतर आहे? रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला जाणारा माणूस घरापासून किती लांब असतो? पन्हाळा ते पावनखिंड चालताना गटाचे पहिले टोक आणि शेवटचे टोक यांत धुक्यात किती अंतर पडते? ही उत्तरे बहुतेकदा दोन किलोमीटरच्या आत असतात, आणि तेवढ्यासाठी परवानामुक्त संच पुरतो. वारणानगरहून कोल्हापूर शहराशी बोलायचे असेल तर मात्र तो पुरणार नाही. कोणताही हातातला संच थेट पुरणार नाही.

त्यासाठी हॅम

लांबचे बोलायचे असेल तर कायदेशीर वाट हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची. १९७८ चे नियम आणि त्यांतील दुरुस्त्यांनुसार वयाची १२ वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक परीक्षा देऊ शकतो. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स कोड लागत नाही, इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि नियम एवढाच अभ्यास. 'जनरल' श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स लागतो. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. परवाना शुल्क आतापर्यंत २० वर्षांसाठी १ हजार आणि आजीवन २ हजार रुपये राहिले आहे, म्हणजे त्या चिनी संचाच्याच किमतीत. मात्र पडताळणीला महिने जातात. जूनमध्ये अर्ज करून ऑगस्टच्या पुरासाठी परवाना हातात येईल, या भरवशावर राहू नये.

परवाना मिळाल्यावर यूव्ही-५आरसारखा संच ठरलेल्या पट्ट्यांत वापरता येतो. उंचावर बसवलेला रिपीटर असेल तर हातातला संचही जिल्हाभर पोहोचू शकतो. आपत्तीत याचा उपयोग किती, हे भूजच्या २००१ च्या भूकंपात दिसले, केरळच्या २०१८ च्या पुरात दिसले. डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. फोन बंद पडलेल्या अंदमानातून बाहेर निरोप पोहोचवण्याचे काम त्यांनी केले.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. हॅमवर दोन्ही टोकांना परवानाधारक लागतो. घरातल्या एकाने परीक्षा दिली म्हणून दुसऱ्याला बोलता येत नाही. आणि त्यावर धंद्याचे बोलता येत नाही. ऊसतोडीच्या टोळीला गाडी पाठव म्हणायचे, दुकानातला माल विचारायचा, हे चालणार नाही. कारखाने, दूध संघ, मोठ्या शैक्षणिक संस्था यांनी स्वतंत्र 'कॅप्टिव्ह' परवाना घेऊन स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळवायची असते. कुठल्या मंडळाने मिरवणुकीसाठी वीस चिनी संच वाटून काम भागवायचे म्हटले, तर ते बेकायदा आहे, मग आयोजक कितीही प्रतिष्ठित असोत.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक वाट आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही परवानामुक्त आहे आणि त्यावर 'लोरा' तंत्राच्या छोट्या पाट्या एकमेकींकडून निरोप पुढे ढकलतात. त्यावर आवाज जात नाही, फक्त मजकूर जातो. मोबाइलला ब्लूटूथने जोडून टॉवरशिवाय 'पाणी ओट्यापर्यंत आले' एवढे गावभर कळवता येते. स्लॅबच्या टाकीवर एक-एक पाटी बसवली तर गावांची साखळी करता येईल. मान्यताप्राप्त पाटी घ्यायची अट इथेही आहेच. पण हे जमवायला हौस आणि वेळ लागतो. घरात म्हातारी माणसे असतील तर बटण दाबून बोलायचा संचच बरा.

जोडी घरी आली की पहिल्याच रविवारी एकाने घरी थांबावे आणि दुसऱ्याने मोटारीपर्यंत, वस्तीपर्यंत, नदीच्या उतारापर्यंत बोलत जावे. आवाज कुठे तुटतो ती जागा लक्षात ठेवावी, तिथून दहा पावले मागे किंवा बांधावर चढून पुन्हा बोलून पाहावे. चॅनल कोणता, वेळ कोणती आणि एक संच हरवला तर भेटायचे कुठे, हे कागदावर लिहून संचाच्या मागे चिकटपट्टीने लावावे. ही चाचणी उन्हाळ्यात केली असेल तर ऊस वाढल्यावर जुलैत पुन्हा करावी, अंतर कमी भरेल.